जपानी पायाळू

आमचे शिंपी देवाजी मास्टर यांनी मला उभ्या आयुष्यात एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा 'सव्वीस' होतो. सव्वीस इंच ही माझी तेव्हाची कंबर. पुढे जंगल खात्याच्या डेपोतली कारकुनी पक्की झाली, लग्न झालं, कंबर तिशी ओलांडून पलीकडे गेली, तरी रस्त्यात दिसलो की मास्टर दुकानातूनच ओरडत, "ओ सव्वीस, कुठी चालले?" आणि बरोबरचे लोक माझ्या पोटाकडे बघून खोकल्याचं सोंग करत.

माणसाचं नाव आईबाप ठेवतात, त्याला काही आधार नसतो. माप मात्र देवाने ठेवलेलं असतं, असं मास्टरचं मत. "गरीबदास नावाच्या माणसाची छाती मी बेचाळीस मोजली हाये," ते म्हणत, "आन् पहेलवानसिंगची तीस. आता सांगा, नावावर काय भरोसा?" त्यामुळे बालाघाटात कोणाचं काहीच झाकलेलं राहत नसे. एका लग्नात मास्टरने दोन विहिणींना त्यांच्या मापांनी हाक मारली, आणि ती दोन घरं पुढे नातवंडं झाल्यावर बोलू लागली.

धंद्यात मात्र माणूस अस्सल. कोट पालटावा तर मास्टरनेच. हल्लीच्या वाचकाला सांगायला हवं, तेव्हा कोट एकदाच शिवला जाई आणि दोनदा नवा होई. वरचं कापड झिजलं, उन्हाने उडालं, की शिंपी सगळी शिवण उसवायचा, झिजलेली बाजू आत टाकायचा आणि आतली कोरी बाजू बाहेर काढून पुन्हा शिवायचा. मास्टरने पालटलेला कोट बघून खुद्द मालकाला तो ओळखू येत नसे. एका रेंजर साहेबांनी तर 'हा माझा नव्हे' म्हणून तो परत केला आणि दुसऱ्या दिवशी तोच नवा समजून मागून नेला. यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. मी खोटं बोलत नाही. खऱ्याला थोडी इस्त्री करतो, एवढंच.

तर असा हा माणूस बालाघाटात जपान घेऊन आला.

माझी नातवंडं हल्ली टीव्हीसमोर बसून जपानी मारामारीची हलती चित्रं बघतात. डोळे बशीएवढे, केस साळिंदरासारखे, आणि एकेक लाथ तीन-तीन दिवस हवेत. नातू मला शिकवतो, "आजोबा, पहिले जपानमध्ये चित्रांचं पुस्तक निघतं, मग त्याच्यावरून सिरीयल बनते." मी म्हणतो, बाळा, ही कल्पना बालाघाटची. ती तुमच्या जपान्यांनी इथून पळवली. आमच्या इथे ही सिरीयल शिलाई मशीनवर लागत असे, दर इतवारी, आणि मशीनला मधूनमधून तेल घालावं लागे.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मँगनीजची खाण बघायला काही जपानी साहेब आले होते. त्यातला एक तरुण साहेब दगड बघायला खाली वाकला आणि त्याची पँट मागून अशी फाटली, की आवाज वैनगंगेच्या पलीकडे गेला. ड्रायव्हरने जीप थेट मास्टरच्या दुकानापुढे उभी केली. साहेब भिंतीला पाठ घासत, आडवा चालत आत आला. मास्टरने त्याला कोणाच्या तरी रजईच्या खोळीत बसवलं, पँट हातात घेण्याआधी सवयीने माप घेतलं, आणि हळहळले.

"अठ्ठावीस," ते मला म्हणाले. "एवढ्या दुरून आला बिचारा, आन् अठ्ठावीस."

त्याचं खरं नाव बालाघाटात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. तो कायमचा अठ्ठावीस साहेब झाला. मास्टरने पँट अशी रफू केली की फाटली कुठे होती हे साहेबाला स्वतःला सापडेना. तो कमरेत वाकला. मास्टरला वाटलं काही पडलं, म्हणून तेही वाकले. त्यांना वाकलेलं बघून साहेब आणखी वाकला. दोघांचा चहा गार झाला तरी हे चालूच. मास्टर मजुरी घेईनात, तेव्हा साहेबाने पिशवीतून एक पुस्तक काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

पुस्तक विटेएवढं जाड, कागद पुड्या बांधायच्या लायकीचा, आणि आत चित्रंच चित्रं. पानोपानी कोणी ना कोणी कोणाला तरी लाथ घालत होता, आणि लाथेशेजारी फटाके फुटावेत तशी मोठमोठी जपानी अक्षरं. मास्टरने पुस्तक मशीनवर उघडलं आणि दुकानातली कात्री थांबली. एका नवरदेवाचा कोट तसाच राहिला. तो बापाच्या कोटात बोहल्यावर चढला आणि अर्ध्या वऱ्हाडाने त्याला बाप समजून अक्षता हातातच ठेवल्या.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जपानी पुस्तक आपल्या मागच्या बाजूने सुरू होतं. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. हे बालाघाटात तेव्हा कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. मास्टरने ते पुस्तक आपण उघडतो तसं उघडलं आणि आपण वाचतो तसं पाहिलं. म्हणजे शेवटापासून सुरुवातीकडे.

पहिल्या चित्रात एक डोळा बांधलेला गडी एकटा उभा, भोवती माणसं मरून पडलेली. पुढच्या चित्रात त्यातलाच एक मेलेला हवेत, आणि गड्याचा पाय त्याच्या छातीवर. त्याच्या पुढच्या चित्रात तो मेलेला दोन पायांवर उभा, हातात तलवार, चेहरा ताजातवाना. मास्टरने मागची-पुढची पानं ताडून पाहिली. दुसरा मेलेला, तिसरा मेलेला, सगळ्यांचं तेच. लाथ बसली की उठायचे. मग मास्टरने कपाळावर हात मारला.

"सव्वीस, हा पोट्टा पायाळू हाये."

ज्यांच्या घरी कोणी पायाळू नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना ज्याचं डोकं नाही, पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. कोणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूला बोलावतात. तो पाठीत हलकी लाथ घालतो आणि उसण पळते. आमच्याकडे हे औषध डॉक्टरच्या आधी करतात आणि डॉक्टरच्या नंतरही करतात. तेव्हा मास्टरचा तर्क ऐकून मी काही हसलो नाही. जपान पुढारलेला देश. आपल्या पायाळूच्या लाथेने उसण जाते, त्यांच्या पायाळूच्या लाथेने मेलेला उठतो, एवढाच फरक.

आणि हसायला आणखीही एका कारणाने जड गेलं. दुकानाच्या मागच्या खोलीत मास्टरच्या पत्नी गंगाकाकू खाटेवर होत्या. दोन पावसाळ्यांपूर्वी पाण्याची गुंडी घेऊन विहिरीच्या पायरीवरून पडल्या, आणि कमरेखालून पाय गेले. गोंदियाचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले. मग मास्टरने पायाळू धरले. बैहरपासून लांजीपर्यंतच्या यच्चयावत पायाळूंचा पाय काकूंच्या पाठीला लागून गेला. बैलगाडीत बसवून आणत आणि जेवू घालून परत पाठवत. शेवटी काकूच म्हणाल्या, "पुरे करा आता. पाठ हाये का उंबरठा, जो येते तो पाय देऊन जाते." काकूंची जीभ मास्टरच्या कात्रीहून धारदार. पण त्या अलीकडे दिवसदिवस बोलत नसत, भिंतीकडे तोंड करून पडत. मशीन थांबलं की मास्टर आधी त्या दाराकडे बघत, मग गिऱ्हाइकाकडे.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, म्हणजे मास्टरच्या शेवटच्या, तो पायाळू लहान पोर होऊन आपल्या घरी पोहोचतो. अंगणात त्याची आई पडलेली असते. पुढच्या चित्रात ती कोपरावर असते. त्याच्या पुढच्या चित्रात ती भाताची वाटी घेऊन दारात उभी असते.

ते पान मास्टरने मला दाखवलं आणि मांजरपाटाचं अख्खं ठाण काढलं.

त्याचा लांबच लांब पट्टा शिवायला घेतला तेव्हा बालाघाटात एकही पायजमा वेळेवर मिळाला नाही. पुस्तकातली चित्रं त्यांनी काळ्या अस्तरातून कापली आणि पांढऱ्या पट्ट्यावर एकापुढे एक मशीनने शिवली. माणसं, घोडे, तलवारी, आणि लाथेशेजारची ती जपानी अक्षरंसुद्धा. मग दुकान आणि मागची खोली यांमधल्या दारात एक चौकट बसवली, दोन बाजूंना दोन लाटणी, आणि एका लाटण्याला शिलाई मशीनचा चामडी पट्टा जोडला. पायडल मारलं की चित्रं सरकू लागत. गॅसबत्ती आतल्या खोलीत टांगलेली, तिचा उजेड कापडातून बाहेर, आणि आम्ही बाहेर दुकानात, ओट्यावर, रस्त्यावर, समोरच्या कडुलिंबावर.

पहिल्या इतवारी एक चमत्कार झाला. एकच लाथ मास्टरने थोड्या थोड्या फरकाने ओळीने बऱ्याच वेळा शिवली होती. त्यांनी पायडल जोरात मारलं आणि पायाळूचा पाय हलला. शपथेवर सांगतो, हलला. पुढे बसलेले लोक मागे सरकले, मागचे रस्त्यावर पडले, आणि गुप्ता किराणावाल्यांची पगडी नालीत गेली ती कोणी आणायला उठलं नाही.

आवाज सगळे मास्टरचेच. तलवारीला कात्रीची कचकच, माणूस पडला, म्हणजे उठला, की इस्त्री फळीवर धाडकन. लाथेसाठी ते एक चिंधी दातात धरून टर्रकन फाडत. तो आवाज ऐकून प्रत्येकाचा हात आपापल्या पँटीच्या मागे जाई. आणि खेळ ऐन रंगात आला, तलवार मानेपाशी आली, की मास्टर पायडलवरून पाय काढत आणि म्हणत, "आज इथंच धागा सरला." मग लोक त्यांच्या सात पिढ्या काढत घरी जात आणि पुढच्या इतवारी त्यांच्याही आधी येऊन बसत. गोंदियाला जाणारी छोटी गाडी इतवारी हमखास उशिरा सुटे. स्टेशनमास्टर इंजिनात बिघाड लिहीत. बिघाड आमच्यासोबत सतरंजीवर बसलेला असे.

गोष्ट उलटी असल्यामुळे काही अडचणी येत, पण मास्टरकडे सगळ्यांची उत्तरं होती. बाण माणसाच्या अंगातून निघून धनुष्यात जाई. मास्टर म्हणत, "पाहा, डाक्टरले पैसे न देता बाण काढला." राखेतून घर उभं राही. "आग लावून घर बांधते ते लोक. आपण इटा भाजतो, ते पुरंच घर भाजते." सगळ्यात जास्त गाजला भात. पायाळू जेवायला बसला तेव्हा वाटी रिकामी, आणि उठला तेव्हा वाटी भरलेली. भाताच्या मुलखातले आम्ही लोक, आणि रेशनचे ते दिवस. वाटीवर शिगोशीग भात दिसला तेव्हा ओट्यावर एक म्हातारा नुसता 'हौ, हौ' करत राहिला.

फक्त एका गोष्टीवर भांडणं होत. पायाळूच्या मिशांवर. आमच्या बाजूने त्याला झुबकेदार, लोंबत्या मिशा दिसत, आणि गंमत म्हणजे तो लहान होत गेला तरी मिशा कायम. अंगणात पोचलेल्या पाचेक वर्षांच्या पोरालाही मिशा. मास्टरला विचारलं तर ते विषय बदलत.

या सगळ्यात नशीब उघडलं ते भिवाचं. भिवा राइस मिलमधला हमाल, आणि गावातला एकुलता जिवंत पायाळू. आजवर त्याला वर्षातून दोन-चार बोलावणी येत. खेळ सुरू झाल्यावर त्याच्या घरापुढे वाकलेल्या माणसांची रांग लागू लागली. भिवा आधी नुसता पाय लावायचा. आता तो खेळातलं बघून दोन पावलं मागे जाई, आरोळी ठोके आणि मग लाथ घाली. लोक सांगत, पूर्वीपेक्षा गुण जास्त येतो. गुप्ताजींची किती वर्षांची उसण भिवाने एका लाथेत काढली. ते पिठाच्या पोत्यावर जाऊन पडले, पण उठले ते सरळ.

शेवटचा भाग आला त्या इतवारी मास्टरने मशीन इतकं हळू चालवलं की एकेक टाका मोजावा. बाई अंगणात पडलेली. मग कोपरावर. मग वाटी घेऊन दारात. बाहेर कोणी टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या घरी काहीतरी विसरल्यासारखे उठून गेले. आणि आतल्या खोलीतून, कितीतरी दिवसांनी, काकूंचा आवाज आला, "आता भात तं वाढा म्हणा तिले, पोट्टं केव्हाचं उभं हाये." मास्टर पायडलवर हसले. पुढच्या इतवारी त्यांनी पट्टा पुन्हा पहिल्यापासून लावला. लोकांनीही तक्रार केली नाही. त्या दिवशीचा भाग संपला की मधले सगळे गाळून बाईचा भाग मात्र ते दर इतवारी शेवटी दाखवतच. आणि इतवारी संध्याकाळी काकू हटकून बोलत.

असं सगळं मापात बसलेलं असताना अठ्ठावीस साहेब परत आला.

बटण लावायला आला होता म्हणे. इतवार होता, लोकांनी त्याला खांद्यावर उचलून सगळ्यांच्या पुढे बसवलं. खेळ सुरू झाला. साहेब आधी खूश झाला, टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तो पोट धरून हसला. शेवटी बाई उठून उभी राहिली तेव्हा तो हसायचा थांबला, आणि माझ्याशी इंग्रजीत काहीतरी बोलू लागला. माझं इंग्रजी रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं, त्याचं त्याहून थोडं कमी. पण पुस्तक हातात घेऊन, उलटं-सुलटं करून त्याने समजावलं, तेव्हा मला कळलं, आणि मूर्खासारखं मी ते मोठ्याने सांगूनही टाकलं.

"साहेब म्हणतात, पुस्तक इकडून नाही, तिकडून वाचायचं असतं."

गुप्ताजी उभे राहिले. "मतलब? हमको सब उल्टा दिखाया?"

"साहेब म्हणतात, अक्षरंसुद्धा आरशातल्यासारखी उलटी दिसतायत. आणि त्याला मिशा नाहीत."

मिशांचं ऐकून गर्दीत जो गोंधळ उठला त्यात मास्टर कोणाला दिसलेच नाहीत. ते पायडलवर पाय तसाच ठेवून बसले होते. म्हणाले, "सव्वीस, त्याले इचारा. मंग ते बाई?"

मी विचारलं. साहेबाने बोटाने चित्र दाखवलं: आधी उभी, मग पडलेली.

"ती सुरुवातीलाच पडते म्हणतात, मास्टर. म्हणून तो पोरगा घर सोडून निघतो."

"आन् उठते कवा?"

साहेबाला हा प्रश्न मराठीतच समजला असावा. त्याने नकारार्थी मान हलवली. मास्टर टाचण्या एकेक करून उशीत खोचू लागले.

गुप्ताजींनी तिथल्या तिथे निकाल दिला. "अगले इतवार सीधा दिखाओ मास्टर, नहीं तो हमारी सतरंजी वापस." गावात एवढी मोठी सतरंजी दुसरी नव्हती. आणि लोकांनाही पटलं. आपल्याला उलटं दाखवलं, हे कोणालाही खपत नाही, मग भले ते आवडलेलं असो.

आठवडाभर मास्टरने रस्त्यावरच्या कोणाला मापाने हाक मारली नाही. मी एकदा दुपारी गेलो. ते एका कोटाची शिवण उसवत बसले होते.

"दाखवून टाका ना सुलटा, मास्टर. पट्टा तिकडून गुंडाळला की झालं."

"तेवढंच हाये. काही टाका उसवाले लागत नाही."

"मग?"

"सव्वीस, कोट पालटला तं त्याले कोणी फसवणूक म्हंते काय? झिजलेली बाजू आत गेली, कोरी बाजू बाहेर आली. कापड तेच." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिनं आजवर बाई उठतानाच पाह्यली हाये. आता माह्या हातानं पडताना दाखवू काय?"

मी खाली पडलेले उसवलेले धागे गोळा करू लागलो. तुम्ही काय सांगितलं असतं?

इतवार उजाडला. गर्दी एवढी की लिंबाची एक फांदी माणसांसकट खाली आली, आणि माणसं फांदीवर तशीच बसून राहिली. गुप्ताजी सतरंजीची गुंडाळी काखेत मारून उभे. "पहले बताओ. सीधा कि उल्टा?"

मास्टर पायडलवर बसले होते. त्यांनी मशीनला तेल घालायला घेतलं. आणि गर्दीतून भिवा उठला. धुतलेला सदरा घातलेला, मागे त्याचे बरे झालेले सगळे रोगी.

"उलटाच दाखवा, मास्टर."

"काहून बे?" कोणीतरी विचारलं.

"काहून म्हंजे? उलट्यात पायाळू लाथ मारते आन् माणूस उठते. सुलट्यात तो लाथ मारते आन् माणूस पडते. मंग तो गुंडा झाला. मी काय गुंडा हावो? उद्यापासून माह्या दारी कोण येईन वाकून?" तो गुप्ताजींकडे वळला. "शेठ, तुमची उसण उलट्या खेळावर गेली हाये. सुलटा केला अन् वापस आली, तं माह्याकडे या नका."

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रोगी एकमेकांकडे बघू लागले. एकाने हळूच कमरेवर हात ठेवून पाहिला. गुप्ताजींचा हात तर केव्हाच पाठीकडे गेला होता. त्यांनी थोडा वेळ जपानचा आणि थोडा वेळ पाठीचा विचार केला.

"वैसे," ते म्हणाले, "जापान बहुत दूर है." आणि सतरंजी अंथरली.

या वादात गॅसबत्ती मंदावली होती. मास्टर पायडलवरून म्हणाले, "सव्वीस, आत जाऊन बत्तीत हवा भरा."

मी मागच्या दाराने आत गेलो. या खोलीत चहाला मी कितीदा आलो होतो, पण खेळ चालू असताना कधी नाही. बत्तीला हवा मारू लागलो, उजेड चढला, आणि चौकटीकडे बघून माझा हात थांबला.

इकडच्या बाजूने चित्रं कोरल्यासारखी स्वच्छ होती. काळ्या अस्तराची कड न् कड दिसत होती. लाथेशेजारची अक्षरं सरळ, पुस्तकात होती तशी. पायाळूचा गाल गुळगुळीत. आम्ही बाहेर इतके इतवार ज्याच्यावरून भांडलो त्या मिशा म्हणजे कापडाच्या मागे सोडलेल्या धाग्याच्या गाठी आणि टोकं होती. ज्या माणसाने आयुष्यात कधी कापडाची सुलट बाजू चुकवली नाही, त्याने सुलट बाजू आत ठेवली होती आणि अख्खं बालाघाट उलट बाजूला बसवलं होतं.

"कसा साजरा पोट्टा हाये, पाह्य," काकू खाटेवरून हळूच म्हणाल्या. खाट चौकटीसमोर होती, उशाला उंच केलेली. "बाहेर म्हंते मिशा हाये त्याले."

"काकू, म्हणजे आम्ही इतके दिवस..."

"हौ. तुमी सारे अस्तरात बसले."

बाहेर टर्रकन चिंधी फाटली. कोणीतरी मेलेला उठला. मी खाली वाकून विचारलं, बाहेर कशावरून भांडण झालं ते ऐकू आलं का.

"पाय गेले, बाबू. कान नाही गेले." त्या जराशा हसल्या. "आन् त्या जपान्यानं सांगाले काहून पाहिजे? खेळ सुटला का हे पट्टा वापस गुंडाळते. इथं माह्या तोंडापुढंच. तवा पायते तं सारं कसं बराबर लागते. आधी उभी हाये बाई, मंग पडते, मंग पोट्टं निंगून जाते. पयल्या येळपासून ठावं हाये मले."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की माझी अक्कलही त्यांनी मापून घेतली असावी.

"एकेक टाका घालून बाई उठवली यायनं. मी तिले पाडू काय? तू बी बोलजो नको."

बाहेर पायडलचा आवाज हळू झाला. दुकानातली कुजबुज थांबली. चौकटीत अंगण सरकत आलं, आणि अंगणात पडलेली ती बाई. पट्टा तिच्यापाशी जवळजवळ थांबलाच. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं, डोळे कापडावर ठेवले, आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, काळजीने म्हणाल्या,

"अवो, आयकता काय? हे बाई तं अजून पडूनच हाये. कसं होईन हो हिचं?"

पायडल मारून मास्टरला धाप लागली होती. कापडापलीकडून त्यांचा आवाज आला, "पाह्य तं खरं. घाई नको करू."

बत्ती केव्हाच भरली होती. मी तरी हवा मारत राहिलो.